तुमचे प्रश्न, माझी उत्तरं: म्यूझियममधलं ज्यू लग्न

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की परदेशातल्या लग्नांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, तर पत्रं आणि मेल आले ते ढीगभर, आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर, ज्यू लग्न आणि तेही आर्ट म्यूझियममध्ये. एकेकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा यावेळचं अख्खं पान त्यालाच देतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी मूळची ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आणि आता न्यू जर्सीत लग्नांच्या को-ऑर्डिनेशनचं काम करते.

प्रश्न: मुलाचा कॉलेजातला रूममेट ज्यू आहे, त्याचं लग्न नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या आर्ट म्यूझियममध्ये आहे, रविवारी संध्याकाळी साडेसहाला. आम्हा दोघांनाही आग्रहाचं बोलावणं आहे आणि आम्ही तेव्हा तिकडे असणारच आहोत. काय घालायचं, काय न्यायचं? मुलगा म्हणतो काहीही चालतं, पण त्याच्या 'काहीही'वर माझा विश्वास नाही. (कोथरूड, पुणे)

तुमचा अविश्वास अगदी बरोबर आहे! साडी नेसा, बिनधास्त नेसा, काठापदराची नेसा, तिथे तुमच्याइतकं नटलेलं दुसरं कोणी नसेल आणि नवरी सोडून सगळ्यांचे फोटो तुमच्याबरोबर होतील. फक्त घरचे लोक जरा सोवळे, म्हणजे ऑर्थोडॉक्स असतील तर स्लीव्हलेस किंवा पाठ उघडी असलेला ब्लाउज टाळा, कोपरापर्यंत बाही असली की झालं. यजमानांना, म्हणजे तुमच्या मिस्टरांना, दारात एका टोपलीतून छोटी गोल टोपी देतील, तिला किप्पा म्हणतात, आत बहुतेक वेळा नवरानवरीचं नाव आणि तारीख छापलेली असते, ती डोक्यावर ठेवायची आणि नंतर घरी न्यायची, परत करायची नसते. त्यांना फेटा बांधायचा असेल तर उत्तमच, डोकं झाकलेलं असणं एवढंच हवं असतं, मग फेट्यावर किप्पा लागत नाही.

सोवळ्या घरातले पुरुष परक्या बाईशी हात मिळवत नाहीत आणि बायका परक्या पुरुषाशी, त्यात अपमान वगैरे काही नाही. तुम्ही नमस्कार करा, प्रश्नच मिटला.

आता आहेर. खोका घेऊन म्यूझियमच्या दारात जाऊ नका, सिक्युरिटी आहे, कोट आणि मोठ्या पिशव्या बाहेर ठेवायला लावतात आणि मग तो खोका रात्रभर कोणी सांभाळायचा हा वेगळाच ताप. पाकीट द्या. रक्कम 18 च्या पटीत द्यायची पद्धत आहे, 36, 54, 108, 180 अशी, कारण हिब्रू अक्षरांना आकडे असतात आणि 'जीवन' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज 18 होते. आपण 501 लिहितो ना, तसंच. आणि एक कळकळीची विनंती, गणपतीची मूर्ती नेऊ नका. मला माहितीय तुमच्या मनात चांदीचा गणपती आहे, सगळ्यांच्याच असतो, पण मूर्ती घरात न ठेवणं हा त्यांच्या धर्मातला अगदी मुळातला नियम आहे, बिचारे नाही म्हणणार नाहीत आणि ठेवणारही नाहीत. घरचे लाडू-चिवडाही नको, घर कोशर, म्हणजे त्यांच्या धर्मातले खाण्याचे नियम, पाळणारं असेल तर आपल्या स्वयंपाकघरातलं काही त्यांना खाता येत नाही. पैठणीच्या कापडाचा स्टोल किंवा टेबल रनर द्या, तो वापरतील.

पोचायचं सव्वासहाला. पत्रिकेत साडेसहा म्हणजे साडेसहाच, कारण सगळी वेळ म्यूझियमच्या घड्याळाला बांधलेली असते, पाचला शेवटचा माणूस बाहेर गेला की मग खुर्च्या आत येतात आणि रात्री ठरलेल्या वेळेला सगळं आवरून बाहेर काढायचं असतं. आणि समोरच्या त्या प्रसिद्ध 72 पायऱ्या, बॉक्सिंगच्या सिनेमामुळे जगभर गाजलेल्या, त्या नऊवारीत चढायचा हट्ट करू नका, थंडी असते, मागच्या बाजूने गाडी थेट दाराशी जाते.

प्रश्न: लग्न म्हणजे संस्कार, ते देवळात नाहीतर घरच्या मांडवात व्हावं. चित्रांच्या प्रदर्शनात लग्न लावायचं म्हणजे पैशाचं प्रदर्शन नाही का? की ज्यू लोकांना सिनेगॉग नको झालंय? (डोंबिवली)

काका, पैशाचं प्रदर्शन आहेच, नाही कशाला म्हणू, हॉलचं भाडंच काही हजार डॉलर असतं आणि वर गार्ड, केटरर, विमा हे सगळं वेगळं. पण 'सिनेगॉग नको झालंय', म्हणजे ज्यूंचं देऊळ नको झालंय, हे मात्र बरोबर नाही. ज्यू लग्नाला देऊळ लागतच नाही मुळी. लागतं काय तर हुप्पा, म्हणजे चार काठ्यांवर ताणलेलं एक कापड, एक अंगठी, वाइनचा पेला, केतुबा नावाचा लग्नाचा करार आणि दोन साक्षीदार. अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंमध्ये तर हुप्पा उघड्या आकाशाखाली असावा अशी जुनी रीत आहे, अब्राहमला देवाने ताऱ्यांइतकी संतती देईन म्हणून वचन दिलं त्याची आठवण म्हणून. तेव्हा बाग, गच्ची, समुद्रकिनारा, म्यूझियम, कुठेही हुप्पा उभा केला की मांडव झाला. आमच्याकडे ठाण्यात लग्न सिनेगॉगमध्येच लागतं, 1879 सालचं आमचं शआर हाशामाईम आहे, पण ती आमची सवय आणि सोय, नियम नव्हे.

म्यूझियमवाल्यांची बाजू म्हणाल तर त्यांना पैसे हवे असतात, इमारत सांभाळायला, संध्याकाळी दिवाणखाने रिकामेच पडलेले असतात, मग भाड्याने देतात. आणि फिलाडेल्फियाचा तो जिन्याचा हॉल बघितलात तर तुम्हीसुद्धा दोन मिनिटं गप्प व्हाल. 1928 ची इमारत, ग्रीक देवळासारखी बांधलेली, तिच्या आराखड्यात ज्युलियन एबल या कृष्णवर्णीय आर्किटेक्टचा मोठा हात होता, आणि आत रुंदच्या रुंद दगडी जिना, त्याच्या माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेली डायना धनुष्य ताणून उभी. ही डायना सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने 1890 च्या दशकात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मनोऱ्यावर बसवायला केली होती, तो मनोरा पाडल्यावर 1932 मध्ये ती इथे आली. अंगावर चिंधी नाही बाईच्या! त्यामुळे रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, सोवळे असले की पहिला प्रश्न हाच येतो, हुप्पाचं तोंड कुठल्या दिशेला. रोमन देवता, त्यातून नागडी, तिच्या समोर आशीर्वाद म्हणायचे नाहीत, मग हुप्पा फिरवतात, पडदा लावतात नाहीतर सरळ दुसऱ्या दालनात किंवा बाहेर गच्चीवर जातात. लिबरल घराण्यांना काही वाटत नाही, उलट फोटो छान येतो म्हणतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर म्यूझियममध्ये लग्न करायचं असेल तर सजावट करायची नाही. लोक एवढं भाडं भरतात आणि मग त्या भिंतींपुढे फुलांच्या भिंती उभ्या करतात, मला हे कधीच कळलेलं नाही. चार काठ्या, एक कापड, बाकी त्या जिन्याला बोलू द्या ना.

आणि काका, मांडवाचं म्हणत होतात, तर ऐका, त्याच म्यूझियममध्ये वरच्या मजल्यावर खराखुरा मंडप आहे. मदुराईच्या मदनगोपाल स्वामी देवळाचा, सोळाव्या शतकातला, दगडी कोरीव खांबांचा, एडलिन पेपर गिब्सन नावाच्या फिलाडेल्फियाच्या बाईंनी 1912 च्या सुमारास मदुराईत ते दगड विकत घेतले आणि 1919 मध्ये त्यांच्या घरच्यांनी ते म्यूझियमला दिले. लग्नाला जाणाऱ्या मराठी मंडळींना मी नेहमी सांगते की दुपारी तिकीट काढून आधी तो बघून या, संध्याकाळी गॅलऱ्या उघड्या असतीलच असं नाही.

प्रश्न: भाचा सांगतो की त्याच्या ज्यू मित्राच्या लग्नाची जागा ऐनवेळी बदलली कारण पहिल्या म्यूझियममध्ये ममी होत्या आणि नवऱ्या मुलाचे आजोबा म्हणाले मी येणार नाही. तो आमची फिरकी घेतोय का? भुताखेतांना एवढे घाबरतात? (नाशिक)

फिरकी नाही हो, शंभर टक्के खरं असणार. आणि भुतांचा काही संबंध नाही. ते आजोबा कोहेन असणार. कोहेन म्हणजे जेरुसलेमच्या जुन्या मंदिरातल्या पुरोहितांचे वंशज, वडिलांकडून मुलाकडे येतं हे, आणि कोहेन पुरुषाने प्रेताजवळ जायचं नाही, नुसतं शिवायचंच नाही असं नाही तर प्रेत असलेल्या छपराखालीसुद्धा जायचं नाही असा तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथाचा नियम आहे, अगदी जवळचे, म्हणजे आईवडील, बायको, मुलं, भाऊ आणि लग्न न झालेली बहीण गेले तरच सूट. त्यामुळे पाळणारे कोहेन परक्याच्या अंत्यविधीला बाहेर रस्त्यावर उभे राहतात. आता ममी म्हणजे काय, तीन हजार वर्षं जुनं असलं तरी प्रेतच ना! ज्यू नसलेल्या माणसाच्या प्रेताचा छपराखालचा विटाळ लागतो की नाही यावर धर्मपंडितांचा शेकडो वर्षांचा वाद आहे, पण सांभाळून राहावं असंच बहुतेक सांगतात, आणि आजोबांनी सांभाळायचं ठरवलं तर नातवाने काय करावं, जागाच बदलणार.

फिलाडेल्फियात युनिव्हर्सिटीचं पुरातत्त्वाचं म्यूझियम आहे तिथे इजिप्तच्या ममी आहेत आणि तिथेही लग्नं होतात. आर्ट म्यूझियममध्ये इजिप्तचा विभागच नाही, या दोन संस्थांनी पूर्वीच आपसात वाटून घेतलंय की तुम्ही ते जमवा, आम्ही हे. म्हणून कोहेन आजोबा असलेल्या घरांना मी व्हेन्यू बुक करायच्या आधी एकच फोन करायला सांगते, तुमच्याकडे मानवी अवशेष आहेत का म्हणून. समोरच्या पोरीला वाटतं ही बाई वेडी आहे. वाटू दे.

आमच्या बेने इस्रायलमध्ये कोहेन घराणी नाहीत, त्यामुळे लहानपणी मला हे काहीच माहीत नव्हतं, आम्ही शाळेच्या ट्रिपला म्यूझियममध्ये ममीसुद्धा खुशाल बघून आलो.

प्रश्न: माझी मुलगी ज्यू मुलाशी लग्न करतेय, म्यूझियम ठरलंय, त्यांचे रब्बी तयार आहेत. आमची अपेक्षा फार नाही, अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, छोटासा होम आणि सप्तपदी, अर्धा तास पुरे. म्यूझियमने होम आणि अक्षता दोन्हीला नाही म्हटलंय, हळद-कुंकवालाही नाही. व्याही म्हणतात आमच्याही मेणबत्तीला नाही म्हटलंय. मला रात्र रात्र झोप नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

अहो ताई, आधी पाणी प्या. म्यूझियमवाले तुमच्या धर्माच्या विरोधात नाहीत, ते सगळ्यांच्याच विरोधात आहेत! उघडी ज्योत बहुतेक कुठल्याच आर्ट म्यूझियममध्ये चालत नाही, काजळी चित्रांवर बसते, आणि आग लागली तर पाणी मारून ती चित्रं परत थोडीच मिळणार. तांदूळ नको कारण त्याने किडे आणि उंदीर येतात, कापडं आणि लाकूड खाणारी कीड हा त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू, आणि गुळगुळीत दगडी फरशीवर तांदळाचे दाणे पडले की पहिला घसरणार तुमचाच मामा. हळद संगमरवरात मुरते, ती निघत नाही. कुंडीतली झाडं नकोत मातीतल्या किड्यांमुळे, परागकण सांडणारी लिली नको, बरेच ठिकाणी रेड वाइनसुद्धा नको, भिंतीला टाचणी तर सोडाच, चिकटपट्टीही नको. डीजेचा बास जोरात लावला तर थरथर होते म्हणून आवाजावरही मर्यादा. यादी आली असेल ना तुमच्याकडे, ती भांडायच्या मूडमध्ये वाचू नका, एकदा शांतपणे वाचा.

आता माझं स्पष्ट मत. एका मांडवात दोन्ही लग्नं कोंबू नका. दोन्हीकडचं अर्धं अर्धं घेऊन जे होतं ते कोणाचंच राहत नाही, रब्बी अवघडतात, गुरुजी घाई करतात आणि पाहुण्यांना कळत नाही टाळ्या कधी वाजवायच्या. शिवाय तुमचे रब्बी तयार झालेत ही मोठी गोष्ट आहे हे लक्षात घ्या, ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्वेटिव्ह रब्बी वधू-वरांपैकी एक ज्यू नसेल तर लग्न लावतच नाहीत, रिफॉर्म पंथात तो निर्णय ज्या त्या रब्बीवर सोडलेला आहे, आणि तयार होणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना हुप्पाखाली दुसऱ्या धर्माचे मंत्र नको असतात. तेव्हा सकाळी आपलं लग्न पूर्ण लावा, देवळात किंवा घरच्या बॅकयार्डमध्ये, होम, सप्तपदी, अक्षता, कन्यादान, सगळं मनसोक्त, अर्ध्या तासात गुंडाळायचं तर मुळीच नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये करणार असाल तर अग्नीची परवानगी आधी लेखी घ्या, धुराचा अलार्म वाजला की फायर ब्रिगेड दारात येते आणि मंगलाष्टकं राहतात बाजूला. संध्याकाळी म्यूझियममध्ये त्यांचं लग्न, पूर्ण त्यांच्या पद्धतीने.

मग संध्याकाळी तुमचं काय? बरंच काही. हुप्पाचं कापड कुठलंही चालतं, पुष्कळदा प्रार्थनेची शाल, तालीत, लावतात, पण तसा नियम नाही. मुलीच्या आजीची पैठणी किंवा इरकल असेल तर तिचा हुप्पा करा. खांब स्टँडवर उभे करण्यापेक्षा चार जणांनी हातात धरायचे, दोन त्यांचे दोन तुमचे, मामा एका खांबाला, म्यूझियमही खूश कारण फरशीवर काही ठेवलंच नाही. आणि मुलीला हुप्पापर्यंत फक्त बाप आणत नाही, आई-बाप दोघं आणतात, मुलाचेही दोघं मुलाला आणतात, तुम्ही बाजूला उभ्या राहून डोळे पुसायचं काम नाहीये, चालायचं आहे.

अंतरपाट तुम्हाला फारच हवा असेल तर बेदेकेनच्या आधी विचारून बघा. बेदेकेन म्हणजे हुप्पाकडे जायच्या आधी नवरा येऊन नवरीचं तोंड नीट बघतो आणि मग स्वतःच्या हाताने तिच्या तोंडावर ओढणी टाकतो. बायबलमधल्या जेकबला राहेल सांगून लेआ गळ्यात बांधली होती ना सासऱ्याने, ती फसवणूक पुन्हा होऊ नये म्हणून, असं सांगतात. हे वेगळ्या खोलीत होतं, जवळचीच माणसं असतात, तिथे दोन मिनिटं अंतरपाट धरून एक मंगलाष्टक म्हटलं तर, रब्बींना आधी विचारून, बहुतेक जमतं. अक्षतांशिवाय म्हणा पण, हातात काही नको, मी सांगतेय.

हुप्पाखाली काय होईल ते सांगून ठेवते म्हणजे बावरायला नको. अश्केनाझी असतील तर मुलगी मुलाभोवती सात फेऱ्या मारेल, हल्ली बरीच जोडपी तीन-तीन आणि मग एक एकत्र असं वाटून घेतात. अंगठी साधी, बिनखड्याची, उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात, नंतर ती नेहमीच्या बोटात जाते. केतुबा वाचतात, तो जुना मजकूर अरामी भाषेत असतो, बायकोला काय काय द्यायचं ते नवऱ्याने लिहून दिलेलं, साक्षीदारांच्या सह्या आधीच झालेल्या असतात, तुमच्यासारख्या लग्नात बहुतेक नवा, दोघांना लागू होणारा मजकूर असेल. हा कागद चित्रकाराकडून रंगवून घेतात आणि घरात फ्रेम करून लावतात, इटलीतल्या ज्यूंचे सतराव्या-अठराव्या शतकातले रंगवलेले केतुबा तर आज म्यूझियममध्ये बघायला मिळतात, त्यामुळे खरं सांगायचं तर म्यूझियममध्ये शोभेल अशी त्या दिवशीची एकच वस्तू तुम्ही स्वतः घेऊन जाता. मग सात आशीर्वाद, मग पेला. काचेचा पातळ पेला नॅपकिनमध्ये गुंडाळून नवऱ्याच्या पायाखाली ठेवतात, तो फुटला की सगळे 'मझल तोव' ओरडतात. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याची आठवण, आनंदातसुद्धा विसरायची नाही म्हणून. म्यूझियम खाली एक फळी ठेवायला सांगेल, ठेवा.

त्यानंतर दोघं दहा-पंधरा मिनिटं गायब होतात, त्याला यिहूद म्हणतात, बंद खोलीत फक्त दोघं, दाराबाहेर साक्षीदार. बरीच जोडपी दिवसभर उपाशी असतात, पहिला घास तिथे खातात. त्यामुळे मुलीची मावशी 'फोटोला कुठे गेली ही' म्हणून दार ठोठावणार नाही याची जबाबदारी कोणावर तरी टाका. म्यूझियमकडून त्यासाठी एक खोली आधी मागून घ्या, बहुतेक कुठलं तरी ऑफिस देतात, फाइली बिइली असलेलं.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. कोशर म्हणजे शाकाहारी ना? (सांगली)

नाही नाही नाही. कोशर म्हणजे त्यांच्या नियमाने चालणारं, मटण-चिकन असतंच. मुख्य नियम असा की मांस आणि दूध एकत्र नाही, एका ताटात नाही आणि एका जेवणातही नाही. त्यामुळे लग्नात मांसाचं जेवण असेल तर अख्ख्या हॉलमध्ये दुधाचा थेंब नसतो, बटर नाही, चीज नाही, आइस्क्रीम असेल तर नारळाच्या नाहीतर सोयाच्या दुधाचं, आणि जेवणानंतर चहा मागितलात तर काळा मिळेल, त्यावर वाद घालून उपयोग नाही. तुमच्यासाठी सापळा असा आहे की 'पार्व्ह' लिहिलेलं दिसलं की लोक सांगतात की त्यात मांसही नाही दूधही नाही, बरोबर आहे, पण त्यात अंडं आणि मासा असू शकतो, कारण त्यांच्या हिशेबात मासा मांसात धरत नाहीत. उत्तराच्या कार्डावर 'व्हीगन' लिहा, 'व्हेज' लिहू नका. आणि स्वतःचे पराठे पर्समध्ये घालून आणू नका, कोशर किचनवर मशगियाख नावाचा देखरेख करणारा माणूस असतो, बाहेरचं अन्न दिसलं तर त्याची झोप उडते.

प्रश्न: लग्नात नाचताना खुर्चीवर बसवून उचलतात म्हणे. मुलाचा बाप म्हणून मलाही उचलतील का? वजन 92 किलो. (ठाणे)

उचलतील. खुर्ची बिनहाताची असली तर कडा घट्ट धरा आणि मागे रेलू नका.

प्रश्न: होणारा जावई ज्यू आहे. शनिवारी दुपारी एक छोटं म्यूझियम बरंच स्वस्तात मिळतंय, पण रब्बी ऐकत नाहीत, रविवारच करा म्हणतात. जुलैमध्ये तर कुठलाच रविवार नको म्हणतात. नक्की काय चाललंय? (ऑस्टिन, टेक्सास)

शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ, त्यात लग्न नाही, करार नाही, पैशाचा व्यवहार नाही, विषय संपला. शनिवारी रात्री चालतं, पण तुमच्याकडे उन्हाळ्यात अंधार पडेपर्यंत नऊ वाजून जातात आणि शब्बाथ पाळणारा केटरर त्यानंतर कामाला लागणार, मग जेवायला मध्यरात्र. हिवाळ्यात मात्र शनिवार रात्र झकास, सहा-साडेसहाला अंधार होतो आणि म्यूझियमही तोवर बंद झालेलं असतं. जुलैचं म्हणाल तर ज्यू कॅलेंडरमध्ये उन्हाळ्यात तीन आठवडे शोकाचे असतात, तम्मूझ महिन्याच्या 17 पासून आवच्या 9 पर्यंत, जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचे, ते बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये येतात. वसंतातही पासओव्हर या सणानंतर काही आठवडे बरेच जण टाळतात. सणांच्या दिवशीही नाही. म्हणून तारीख आधी रब्बींकडून घ्या, मग म्यूझियमकडे जा, उलटं केलंत तर डिपॉझिट जाईल.

एक सुचवते, मंगळवार विचारून बघा. बायबलमध्ये सृष्टीच्या तिसऱ्या दिवशी 'चांगलं आहे' असं दोनदा म्हटलंय म्हणून मंगळवार लग्नाला शुभ मानतात, आणि आठवड्याच्या मधला दिवस म्हणजे भाडं कमी, त्यातून त्या दिवशी म्यूझियम लोकांना बंद असेल तर सकाळपासून खुर्च्या मांडायला मिळतात. नातेवाईक रजेवरून कुरकुर करतील, करू देत.

प्रश्न: मी बेने इस्रायल, नातीचं लग्न फिलाडेल्फियात आर्ट म्यूझियममध्ये ठरलंय, मुलगा अमेरिकन ज्यू. तिकडची मंडळी फार श्रीमंत आणि सगळं त्यांच्या पद्धतीने. आपली मेंदी नाही, मलिदा नाही, पांढरी साडी नाही, काहीच नाही का? (अलिबाग)

आजी, कोण म्हणतं नाही म्हणून? नवरीचे कपडे कुठले हे धर्मात कुठेच लिहिलेलं नाही, पांढरी साडी नेसून हुप्पाखाली उभी राहिली तर तिच्या गाऊनवाल्या मैत्रिणी बघत राहतील, फक्त तिला स्वतःला हवं असलं पाहिजे, तिच्यावर लादू नका. 'योनाती झिव' हे हिब्रू गाणं आपल्याकडे नवरा म्हणतो नवरी येताना, ते त्या मुलाला शिकवा, हिब्रू वाचता येतंच असेल, चाल फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, आणि तो सुरात नसला तरी चालेल, आपल्याकडचे तरी कुठे असतात.

मेंदी आदल्या रात्री घरी नाहीतर हॉटेलवर करा, ओल्या मेंदीच्या हाताने म्यूझियमच्या जवळपासही फिरकायचं नाही. मलिदाही तेव्हाच, एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, त्याचं नाव घेऊन, आणि व्याह्यांना मुद्दाम बोलवा. ते कोशर पाळत असतील तर ताट-वाट्या कागदाच्या नव्या घ्या आणि मिक्सिंगला भांडंही नवं कोरं, मलिद्यात दूध नाही मांस नाही, पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि फळं, फक्त पोह्यांच्या आणि सुक्यामेव्याच्या पाकिटावर कोशरचा शिक्का आहे का ते त्यांनाच बघू द्या, म्हणजे त्यांना मोकळेपणाने खाता येईल. ओला नारळ एडिसनच्या इंडियन दुकानात मिळतो, खवलेला फ्रोजनही मिळतो, पण तो आदल्या सकाळीच फ्रीजमधून बाहेर काढून ठेवा आणि पोहे आयत्या वेळी भिजवा, नाहीतर हॉटेलच्या खोलीत लगदा घेऊन बसाल.